सीमा कुणासाठी खुली?



सीमाशुल्काची कार्यपद्धती हा विषय रुक्ष खरा. परंतु त्यात कष्टकऱ्यांच्या भाकरीचा प्रश्न दडलेला आहे, म्हणून तो आपल्यापुढे मांडीत आहे. पूर्व आफ्रिकेचा अनुभव या बाबतीत उद्बोधक आहे.

केनिया, युगांडा व टांझानिया यांनी १९६७ साली आर्थिक समुदाय स्थापन केला. रेल्वे, बंदरे, टपाल, विमानसेवा सामाईक होत्या. कारखानदारी मात्र बव्हंशी केनियात एकवटलेली. मागासलेल्या भागीदारांच्या उद्योगांना संरक्षण देणाऱ्या खास कराची तरतूद होती, विकास बँकही होती. तरी लाभाची विषमता मिटली नाही. विचारसरणीतील अंतर आणि इदी अमीनची राजवट यांची भर पडून १९७७ साली समुदाय मोडला. टांझानियाने केनियालगतची सीमा बंद केली, ती १९८३ मध्ये उघडली.

१९९९ च्या करारान्वये समुदाय पुन्हा उभा राहिला. २००५ पासून सीमाशुल्क संघ अस्तित्वात आला आणि बाहेरच्या मालावर समान जकात ठरली. २०१४ पासून युगांडाकडे जाणाऱ्या मालाची जकात मोंबासा बंदरातून माल हलण्यापूर्वीच युगांडाकडे भरली जाऊ लागली. केनिया-युगांडा सीमेवरील बुसिया येथे दोन्ही देशांचे अधिकारी एकाच छपराखाली बसतात. दोनदा होणारी तपासणी एकदाच होते. या नाक्याचे रीतसर उद्घाटन २०१८ साली झाले.

आपल्यापैकी काहींना शंका येईल की, ही मुक्त व्यापाराचीच वकिली नव्हे काय? माझ्या मते नव्हे. परक्या मालावर किती जकात असावी हा धोरणाचा प्रश्न आहे आणि तेथे संरक्षणाला स्थान आहे. परंतु नाक्यावर ट्रक दिवसेंदिवस खोळंबल्याने कोणत्याही उद्योगाचे संरक्षण होत नाही, सरकारी तिजोरीतही काही पडत नाही. त्यात फावते ते लाचखोराचे आणि दलालाचे.

मात्र ट्रक सुटला म्हणजे काम संपले, असे नाही. याच सीमेवरून टोमॅटो, अंडी, मका, मासळी घेऊन जाणाऱ्या हजारो स्त्रिया आहेत. त्यांच्यासाठीही सवलत आहे: माल समुदायातच पिकलेला वा बनलेला असेल आणि त्याची किंमत २,००० डॉलरांहून अधिक नसेल, तर नाक्यावरच मिळणाऱ्या साध्या दाखल्यावर तो विनाजकात जातो. तरीही अनेकजणी आडवाटेने जातात. स्वाहिलीत या वाटांना ‘उंदरांच्या वाटा’ म्हणतात. कारणे उघड आहेत. दाखल्याची माहिती नसते. जकात माफ झाली तरी इतर कर व प्रमाणपत्रे सुटत नाहीत. लाचेची मागणी आणि स्त्री म्हणून होणारा छळ यांचे भय असते. आडवाटेने गेलेल्या स्त्रीचा माल जप्त झाला, तर ती दाद कोणाकडे मागणार?

शिवाय राज्यकर्त्यांचे बिनसले की कार्यपद्धती निरुपयोगी ठरते. रवांडाने युगांडाशी झालेल्या वादात फेब्रुवारी २०१९ मध्ये गातुनाचा नाका बंद केला. तो जानेवारी २०२२ अखेर उघडला. त्या काळात सीमेच्या आधारे पोट भरणाऱ्यांची उपजीविकाच तुटली.

तेव्हा अशा कोणत्याही प्रादेशिक संघाला समाजवाद्यांनी दोन कसोट्या लावाव्यात. लाभाचा वाटा दुर्बल भागीदारापर्यंत पोचतो काय? आणि डोक्यावर पाटी घेतलेली बाई राजमार्गाने, लाच न देता, ताठ मानेने नाका ओलांडू शकते काय? पहिल्या कसोटीकडे दुर्लक्ष झाल्याने काय होते, ते १९७७ साली दिसले. दुसरीसाठी नुसते छापील दाखले पुरणार नाहीत. त्या स्त्रियांच्या संघटना नाक्यावर उभ्या राहाव्या लागतील.