अर्धा तास आपल्या नावावर



"कशी आहेस?" असं विचारलं की आपल्याकडच्या बाया दोनच उत्तरं देतात. एक, "बरं आहे." दुसरं, "चाललंय." "मजेत आहे" असं म्हणणारी एखादीच, आणि तीही म्हणून झाल्यावर जरा ओशाळते. मजेत असणं म्हणजे काहीतरी काम चुकवून बसणं, असं आपल्या मनात पक्कं बसलंय. आज त्या मजेबद्दलच बोलू. मी बचत गटांचं काम पाहते, त्यामुळे बोलणं हिशोबाच्या वळणाचंच होईल. चालवून घ्या.

आमच्या प्रशिक्षणात एक साधा खेळ असतो. प्रत्येकीला २४ चिंचोके द्यायचे. एक चिंचोका म्हणजे एक तास. फरशीवर खडूने घरं आखायची: झोप, स्वयंपाक, धुणंभांडी, पाणी भरणं, मुलं आणि म्हातारी माणसं, कमाईचं काम, जाण्यायेण्याचा वेळ. आणि अगदी शेवटचं घर "माझ्यासाठी". मग आपापला कालचा दिवस मांडायचा. कळंबोलीत मांडा, तळोज्याकडच्या गावात मांडा, चित्र सारखंच दिसतं. चिंचोके संपतात आणि शेवटचं घर रिकामं राहतं. मग एखादी बाई झोपेच्या घरातला एक चिंचोका उचलते आणि तिथे ठेवते. सगळ्या हसतात. पण खरं सांगू का, हसण्यासारखं त्यात काही नाही. आपल्यासाठी वेळ हवा तर तो झोपेतूनच काढायचा, हे आपण किती सहज मान्य केलंय!

हे फक्त आपल्या पनवेलचं नाही. केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली आणि पुन्हा २०२४ मध्ये केली. सहा वर्षांवरच्या ज्या मुली-बाया घरकाम करतात, त्यांचे २०१९ मध्ये दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात जात होती. म्हणजे जवळजवळ पाच तास. २०२४ मध्ये ती २८९ मिनिटं झाली. पाच वर्षांत आपली दहा मिनिटं वाचली! आता पुरुषांचं ऐका. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा वेळ २०१९ मध्ये ९७ मिनिटं होता, तो २०२४ मध्ये ८८ वर आला. म्हणजे आपल्या डोक्यावरची ती दहा मिनिटं त्यांनी काही उचलून घेतलेली नाहीत. आणि हे घरकाम करणाऱ्या पुरुषांचं झालं. २०१९ मध्ये असे पुरुष १०० पैकी २६ होते.

हे आकडे मी भांडण लावायला सांगत नाही. "स्वतःसाठी वेळ काढा" असं बाईला सगळे सांगतात, पण तो कुठून काढायचा ते कोणी सांगत नाही. मग तेही एक काम होऊन बसतं. डबा केला, पाणी भरलं, हप्ता भरला, आता आनंदीही व्हायचंय!

आपल्या आज्या-पणज्यांनी यावर आपल्या परीने वाट काढली होती. पहाटे जात्यावर बसायचं तर ओवी म्हणायची. दळणाचं ओझं हलकं व्हायचं आणि मनातलंही. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत. त्यात माहेर आहे, भाऊ आहे, विठ्ठल आहे, आणि सासरचं दुःखही आहे. पुढे गिरणी आली. फार चांगलं झालं, बायकांच्या खांद्यांची सुटका झाली. पण जात्यावरचा वेळ वाचला, तो बायकांच्या हातात राहिला का? नाही. तो दुसऱ्या कामांनी भरला, आणि ओवी मात्र गेली.

बचतीचंही असंच असतं ना? महिन्याच्या शेवटी उरेल ते टाकू म्हटलं तर काही उरत नाही. म्हणून गटात आपण आधी बचत टाकतो आणि मग खर्च करतो. वेळेलाही तोच नियम. सगळं आवरून झाल्यावर बसू म्हणाल, तर आवरून कधी होतच नाही.

तर मैत्रिणींनो, आपल्या गटाची पंचसूत्री तुम्हाला तोंडपाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशोब. हीच वेळेला लावून बघू.

पहिली बचत. रोज अर्धा तास आपल्या नावावर. एकदम जमत नसेल तर दहा मिनिटांपासून सुरू करा, पण वेळ ठरलेली हवी. आणि घरात ती सांगून ठेवायची. "साडेचार ते पाच मी बसणार आहे." चोरून घेतलेली विश्रांती अंगी लागत नाही, सगळं लक्ष दाराकडे असतं.

दुसरी बैठक. आपल्याकडे बायकांनी एकत्र जमायला नेहमी निमित्त लागलं. श्रावणात मंगळागौर, नवरात्रात भोंडला, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू. फुगडी, झिम्मा, पिंगा घालून दमलेल्या बाईचा चेहरा बघा, घरकामाने दमलेल्या चेहऱ्याहून तो वेगळाच दिसतो. पण या निमित्तांत काही मैत्रिणी बाहेर राहतात. नवरा गेला की हळदीकुंकवाचं बोलावणं येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि मग राज्य सरकारनेही सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. गावाला जमतं ते आपल्या दहा-बारा जणींच्या गटाला का जमू नये? महिन्याच्या बैठकीत वसुली झाली की १५ मिनिटं गाणी, गप्पा, भेंड्या. सगळ्यांसाठी. त्याला सण लागत नाही.

तिसरं अंतर्गत कर्ज, आणि चौथी परतफेड. पैशांसारखा वेळही एकमेकींना उसना देता येतो. मंगळवारी तू माझी मुलं सांभाळ, गुरुवारी मी तुझी सांभाळते. नवीन पनवेलमधल्या एका चाळीत चार जणी असं करतात. चौघींना आठवड्यातून एक संध्याकाळ मोकळी मिळते. फक्त परतफेड वेळेवर हवी. एकच बाई सगळ्यांची मुलं सांभाळत राहिली तर तो गट बुडाला म्हणायचा.

पाचवा हिशोब. महिन्यातून एकदा चिंचोके मांडायचे, आणि या वेळी घरच्यांना समोर बसवून. नवऱ्याचेही २४ मांडायचे, मोठ्या मुलाचेही. बोलून जे पटत नाही ते चिंचोके बघून पटतं. मग मागायचं ते नेमकं मागायचं. "मला मदत करत जा" यातून काही निघत नाही. "रात्रीची भांडी तुझी, सकाळचं पाणी तुमचं" असं सांगितलं की काम हलतं. आणि भांडी नीट नाही घासली तरी लगेच उठून परत घासायला जायचं नाही. हे आपल्याला कठीण जातं, मला माहीत आहे.

आता हा मिळालेला वेळ घालवायचा कसा? ते जिचं तिने ठरवावं. आपल्या गावात स्वस्तातलं सुख पुष्कळ आहे. वडाळे तलावाच्या काठाने एक फेरी मारा. कर्नाळ्याचं पक्षी अभयारण्य पेणच्या रस्त्यावर, आपल्यापासून जवळच आहे, आणि १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. लोकलने कामाला जाणाऱ्यांची गाडी पनवेललाच सुटते, म्हणजे खिडकी मिळण्याची आशा असते. सीएसएमटीपर्यंतच्या सव्वा तासात भाजी निवडणाऱ्या पुष्कळ जणी दिसतात. कधीतरी भाजीची पिशवी बंद ठेवा आणि खाडीकडे बघत बसा.

पहिला पाऊस आला की आदिवासी बायका बाजारात शेवळं घेऊन बसतात, सोबत काकडं, मग टाकळा, कुर्डू. शेवळं साफ करणं किती किचकट, हे करणारीलाच माहीत. घाईच्या दिवशी ते ओझंच. पण रविवारी, स्वतःला खावीशी वाटली म्हणून, जावेबरोबर गप्पा मारत केली तर तीच भाजी सुखाची होते. काम तेच. आपण मनाने घेतलं की गळ्यात पडलं, एवढाच फरक.

काही जणी म्हणतील, बाहेर पडायला कारण काय सांगू? शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी मुंबईतल्या बायकांवर एक पुस्तक लिहिलं, २०११ मध्ये आलं. त्यांचं म्हणणं असं की पुरुष नाक्यावर नुसता उभा राहू शकतो, बाईला मात्र हातात पिशवी किंवा मुलाचं बोट लागतं. काही काम नसताना बाहेर असणं हाही बाईचा हक्क आहे. आपल्यालाही भाजीचं निमित्त न काढता "जरा फिरून येते" एवढं म्हणता आलं पाहिजे.

आणि शेवटी एक महत्त्वाचं. प्रत्येक थकवा अर्ध्या तासाच्या विश्रांतीने जात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ च्या, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्त कमी आढळलं. जिना चढताना धाप लागते, चक्कर येते, तर सरकारी दवाखान्यात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घ्या. आणि दोन आठवडे झाले तरी कशातच मन लागत नाही, झोप नाही, जगणं नकोसं वाटतं, असं असेल तर तो आळस नाही आणि नाटकही नाही. टेली मानसचा नंबर लिहून घ्या: १४४१६. फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

आपल्या पासबुकावर आपलं नाव यायला किती वर्षं लागली, ते जुन्या गटांतल्या ताईंना विचारा. तेव्हाही लोक म्हणायचे, बाईला कशाला हवेत स्वतःचे पैसे? आज कोणी म्हणत नाही, उलट कर्जासाठी आपल्याच दारात येतात. वेळेचंही तसंच होईल. या आठवड्यात एवढंच करा: चिंचोके काढा, घरच्यांना बसवा, आणि शेवटच्या घरात एक चिंचोका ठेवा. झोपेतला नको.