खारी हवा, ओला कागद



चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत स्मरणचित्राला समुद्रकिनारा आला की आमच्या अलिबागेकडची मुलंसुद्धा पाणी निळंभोर रंगवतात. आमचा समुद्र निळा नाही. अंबा, कुंडलिका, सावित्री या नद्या सह्याद्रीची माती आणून त्यात ओततात. पाणी एरवी राखाडी-मातकट असतं, आणि पावसाळ्यात चक्क दूध घातलेल्या चहासारखं. मी जलरंगांकडे मनापासून वळलो तेव्हा आधी हा पाठ केलेला निळा विसरावा लागला. आता मी अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळतो. सिएना वाढवली की आषाढ, कमी केली की माघ. त्यातही अलिबागची वाळू काळपट आणि काशिदची पांढरट, म्हणजे एका तालुक्यापलीकडे गेलं की रंगांचा हिशेब बदलला. अल्ट्रामरीनचे कण खरखरीत कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात आणि ओल्या पुळणीचा पोत आपोआप मिळतो. हे मला कुणी शिकवलं नाही, रंगानेच दाखवलं.

जलरंग आपल्याकडे रुजले ते इंग्रजांच्या काळात. १८५७ साली मुंबईत जे. जे. कलाशाळा निघाली. तिथेच शिकलेल्या आबालाल रहिमानांनी कोल्हापूरला परतून कोटितीर्थ आणि रंकाळा या तलावांचा परिसर रंगवला. घाटावरच्या उन्हाळ्यात रंगाचा हात दिला की कुंचला पाण्यात बुडवेपर्यंत कागद वाळलेला असतो. आमच्याकडे श्रावणात तोच कागद तासभर ओला राहतो. घाटावरच्या चित्रात कडा धारदार येतात, आमच्या चित्रात एक रंग दुसऱ्यात उतरतो. शैली म्हणून जिचं कौतुक होतं, तिच्यातला बराचसा वाटा हवेचा असतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून मी आकाश आणि पाणी एकाच ओलाव्यात उरकतो. क्षितिजाची रेघ मारत नाही, कारण दमट हवेत ती बहुतेक वेळा दिसतच नाही. मग कागद वाळेपर्यंत थांबायचं. मात्र आपण थांबतो तेव्हा भरती-ओहोटी थांबत नाही. रेवदंड्याच्या खाडीत ओहोटीला चिखलात कलंडलेल्या होड्या भरतीला उभ्या राहतात. समोरचा कोर्लईचा डोंगर तेवढा जागचा हलत नाही. त्यामुळे होड्या आधी पेन्सिलीने टिपायच्या, डोंगर मागाहून. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी गेलं तरी तेच पाणी सापडत नाही, कारण भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर काय काढायचं यापेक्षा काय सोडायचं हे महत्त्वाचं. तटाचे प्रचंड चिरे चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेत, आणि मधल्या फटींत काळी सावली साठते. सगळ्या फटी काढायचा मोह होतो. चार काढल्या की पुरतात, बाकीच्या बघणाऱ्याचा डोळा काढतो.

कागदाचीही एक रड आहे. चांगल्या सुती कागदाला बहुधा जिलेटिनची खळ असते आणि पावसाळ्यात बुरशीला ती फार आवडते. बुरशी लागलेल्या जागी टीपकागदावर पडावा तसा रंग शोषला जातो. नव्या चपलांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या आमच्या घरात कुणी टाकत नाही!

आणि पांढरा रंग? जलरंगात शक्यतो तो लावायचा नसतो, कागदाचाच राखायचा असतो. हे समजून घ्यायला सावंतवाडीच्या चित्रकार सा. ल. हळदणकरांकडे जावं. हातात समई घेतलेल्या बाईचं त्यांचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ते १९४५-४६ च्या सुमाराचं आहे आणि मॉडेल म्हणून त्यांची मुलगी गीता उभी राहिली होती. अनेक लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात, तैलरंगातलंही समजतात. बाईच्या बोटांच्या फटींतून जो उजेड येतो तो कोऱ्या कागदाचा, त्यावर पातळ रंग चढवलेला. पहिला हात देण्याआधीच तो उजेड कुठे राखायचा हे ठरलेलं असलं पाहिजे, मागाहून घालता येत नाही. माझ्या मते मराठी माणसाने केलेलं जलरंगातलं हे सर्वांत धाडसी काम.

चित्राची दुसरी बाजू मला एका वादळाने दाखवली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलं. मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगर या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दिवसात आडव्या झाल्या. रोठा सुपारीसाठी नाव असलेलं श्रीवर्धन उघडं पडलं. मी त्याआधी काढलेली वाड्यांची चित्रं मला तेव्हा सामान्य वाटत होती, सगळी हिरवी, गर्दीची. आता वाडीवाले येऊन त्यात आपली विहीर कुठे, रहाट कुठे, ते शोधतात. चित्र म्हणून त्यांची किंमत वाढली नाही, पण नोंद म्हणून वाढली. नारळ लावल्यापासून धरायला काही वर्षं लागतात, आणि तोवर वाडीच्या जागी कधीकधी प्लॉटची पाटी लागते.

तेव्हा घरात कुणाला रंगांची आवड असेल, तर त्यांना सांगा, किल्ले आणि सूर्यास्त नंतर काढा. आधी आपल्या गावची वाडी, मिठागर, खाडीवरचा धक्का काढा, आणि चित्राच्या मागे गावाचं नाव आणि तारीख लिहायला विसरू नका.