ताहितीत माणसं किती होती?

२६ एप्रिल १७७४ रोजी कॅप्टन जेम्स कुक ताहिती बेटावर पारे इथे पोहोचला, तेव्हा किनाऱ्यावर लढाईच्या तयारीतलं आरमार उभं होतं. मोठ्या जोडनावा १६०, लहान नावा १७०. कुकने हिशेब मांडला. मोठ्या नावेत ४० माणसं, लहानीत ८, म्हणजे ७,७६० जण. हे आरमार दोनच विभागांचं असल्याचं त्याला कळलं. मग बेटाचे ४३ विभाग, प्रत्येकाच्या ४० युद्धनावा आणि नावेमागे ४० माणसं धरून त्याने सुमारे ६८,००० लढवय्ये काढले आणि बायकामुलांसह आकडा तिप्पट केला : २,०४,०००.

१७९७ मध्ये ‘डफ’ जहाजातून आलेल्या मिशनऱ्यांनी त्याच बेटाची लोकसंख्या १६,०५० नोंदवली.

तेवीस वर्षांत एवढी माणसं गेली कुठे? साथी आल्या, माणसं मेली, यात शंका नाही. युरोपीय जहाजं १७६७ पासूनच येत होती. पण प्रत्येक विभाग ४० युद्धनावा उभारत होता, हे कुकने पाहिलेलं नव्हतं, गृहीत धरलं होतं. तिथे जरा हात सैल सुटला की पुढे लाखाचा फरक पडतो.

हवाईतही तेच झालं. कुकचा सहकारी जेम्स किंग याने केआलाकेकुआ उपसागराभोवतीची घरं मोजली, घरटी सहा माणसं धरली, आणि तेच प्रमाण किनाऱ्याकिनाऱ्याने लावत सगळ्या बेटांसाठी ४ लाखांवर आला. पुढच्या बऱ्याच अभ्यासकांनी हा आकडा खाली आणला. १९८९ मध्ये डेव्हिड स्टॅनर्ड यांनी मात्र किमान ८ लाख असल्याचं मांडलं. किंगने आतल्या भागातली वस्ती जमेस धरलीच नव्हती, हा त्यांचा एक मुद्दा. १८३१-३२ च्या मिशनरी गणतीत १,३०,३१३ माणसं उरली होती. सुरुवातीला अडीच लाख होती असं मानलं तर निम्मी गेली, आठ लाख मानली तर सहातली पाच. एका समाजावर काय कोसळलं, ते या फरकात आहे. म्हणून हा वाद मला नुसत्या आकडेमोडीचा वाटत नाही.

या अंदाजांपेक्षा माझा भरवसा जमिनीवर जास्त आहे. हवाई बेटावर कोहालाच्या कोरड्या उतारावर रताळ्याच्या शेतांचे दगडी बांध मैलोगणती पसरलेत. ओल्या दऱ्यांत अळूची पाणथळ खाचरं आहेत. त्यांवरून किती तोंडं जगू शकत होती, हे काढता येतं. पण ती सगळी शेतं एकाच काळात पिकत होती का, हे तपासायचं तर एकेका बांधाखालचा कोळसा उकरून त्याचं वय काढावं लागतं. पुरातत्त्वज्ञ नेमकं तेच करताहेत.