चार्जिंग का टिकत नाही?



पनवेलमध्ये मी मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. एप्रिल लागला की काउंटरवर एकच तक्रार वाढत जाते, ‘चार्जिंग टिकत नाही.’ सकाळी शंभर टक्के करून निघालं की दुपारी फोन विसावर आलेला असतो. काहींच्या फोनचं मागचं झाकण उचललेलं असतं. उघडून बघावं तर बॅटरी फुगलेली. हे फोन कोणाचे असतात ते पाहिलं की निम्मं कारण कळतं. दुचाकीच्या हँडलवर फोन लावून दिवसभर पार्सलं पोचवणारी मुलं, कळंबोलीच्या लोखंड बाजारातून माल भरून निघणारे ट्रकचालक, रिक्षावाले. वरून ऊन, नकाशा चालू, स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवलेला आणि त्यातच चार्जिंगची वायर लावलेली. उन्हाची, वापराची आणि चार्जिंगची अशी तिन्ही उष्णता एकाच वेळी त्या बॅटरीवर येते.

फोनमधली बॅटरी लिथियम-आयन प्रकारची. सोनी कंपनीनं ती 1991 मध्ये पहिल्यांदा बाजारात आणली. तिचा पाया घालणारे जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना 2019 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हिच्या आत एका बाजूला ग्राफाइट, दुसऱ्या बाजूला धातूचं ऑक्साइड आणि मधे एक द्रव असतो. चार्ज करताना लिथियम ग्राफाइटमध्ये शिरतं, फोन वापरताना परत जातं. ग्राफाइटवर एक अतिशय पातळ थर धरतो. तो हवाच, त्याच्यावाचून बॅटरी चालणार नाही. पण वर्षागणिक तो जाड होतो आणि त्यात लिथियम अडकून पडतं. अडकलेलं लिथियम पुन्हा कामाला येत नाही, म्हणून बॅटरीचा जोर कमी कमी होत जातो.

हा थर वाढण्याचा वेग आपल्या हातात बराचसा आहे. अशा रासायनिक क्रिया तापमान 10 अंशांनी वाढलं की ढोबळमानानं दुप्पट वेगानं होतात. बॅटरी पूर्ण भरली की तिच्यातला विद्युतदाब 4.2 व्होल्ट किंवा त्याहूनही वर जातो, आणि तिथे आतला द्रव लवकर बिघडायला लागतो. फोन शंभर टक्के भरलेला आणि त्यात तापलेला, हे दोन्ही एकत्र आलं की नुकसान सर्वांत जास्त.

मग आपण सगळे शंभर टक्क्यांसाठी का धडपडतो? कारण वीज जाण्याची भीती, आणि ती भीती खरी आहे. 12 ऑक्टोबर 2020 ची सकाळ आठवा. कळवा-पडघ्याच्या उच्चदाब वाहिन्यांवर बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, विद्यापीठाला त्या दिवसाच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. त्याच वर्षी 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा आपल्याच रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन, म्हसळ्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. म्हणून माझं स्पष्ट सांगणं आहे, वादळाचा इशारा असेल, कोकणात रात्रीचा प्रवास असेल, घरात कोणी आजारी असेल, तर फोन पूर्ण भरा. एखाद्या दिवसानं बॅटरी बिघडत नाही. तिला रोजची सवय बाधते.

रोजच्यासाठी मात्र वीस ते ऐंशीच्या दरम्यान ठेवलात तर उत्तम. आता बऱ्याच फोनच्या सेटिंगमध्ये ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असते. ती बॅटरीच्या पानावर शोधा, सापडली नाही तर घरातल्या मुलांना विचारा. पनवेलहून सीएसएमटीला जाणाऱ्यांना लोकलमध्ये चार्जिंगची सोय नाही. त्यांनी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत थोडं चार्ज करून घ्यावं. थोडं थोडं चार्ज केल्यानं बॅटरी खराब होते असं अनेक जण समजतात, तसं काही नाही. आज पन्नास टक्के आणि उद्या पन्नास टक्के भरलं तर मिळून चार्जिंगची एकच फेरी धरली जाते. युरोपात जून 2025 पासून नियमच झाला आहे की 800 फेऱ्यांनंतरही बॅटरीत मूळ क्षमतेच्या किमान 80 टक्के शिल्लक राहिली पाहिजे. रोज एक फेरी धरली तर ही साधारण सव्वादोन वर्षांची गोष्ट झाली. गर्दीत पॉवर बँक आणि फोन एकाच खिशात जोडून ठेवू नका, दोन्ही एकमेकांना तापवतात.

रात्रभर चार्जिंगला लावलं तर बॅटरी फुटेल, हीही भीती घेऊन लोक येतात. चांगला फोन भरल्यावर स्वतःच चार्जिंग थांबवतो. खोट इथे आहे की तो तासन् तास शंभरावर राहतो आणि तोही बहुधा उशीखाली किंवा गादीवर, जिथे उष्णता बाहेर पडायला जागाच नाही. फोन टेबलावर किंवा फरशीवर ठेवा. फास्ट चार्जर असेल तर जाड कव्हर काढून ठेवा. तापला म्हणून फ्रिजमध्ये तर मुळीच ठेवू नका. आपल्या दमट हवेत गार फोन बाहेर काढला की त्यावर पाणी धरतं, कधीकधी आतसुद्धा. वायर काढून पंख्याखाली ठेवला तरी पुरतं.

‘शून्यावर आणून मगच चार्ज करा’ हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा. आताच्या बॅटरीला तो उलट त्रासदायक. आजोबांचा जुना फोन चार्जिंग संपलेल्या अवस्थेत कपाटात वर्षभर पडून राहिला तर बहुधा पुन्हा सुरू होणार नाही. ठेवायचाच असेल तर निम्मा भरून, बंद करून ठेवा आणि दर काही महिन्यांनी पाहा.

चार्जर किंवा बॅटरी घेताना भारतीय मानक ब्युरोच्या खुणेखाली ‘आर’ अक्षर आणि पुढे आठ आकड्यांचा क्रमांक आहे का ते बघा. रस्त्यावरच्या स्वस्त चार्जरनं खराब झालेले फोन माझ्याकडे फार येतात, आणि बहुतेक वेळा ते वापरणाऱ्याला दुसरा फोन परवडणारा नसतो, म्हणून हे कळकळीनं सांगतो.

बॅटरी फुगलेली दिसली तर तिच्यावर दाब देऊ नका, टाचणी लावू नका, चार्जिंगला तर लावूच नका. आत जळणारा वायू असतो. फोन बंद करून दुरुस्तीवाल्याकडे न्या. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका, कचऱ्याखाली दबली तर तिथे ती पेट घेऊ शकते. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा कंपनीच्या सेवा केंद्रात द्या, आणि देईपर्यंत तिच्या टोकांना चिकटपट्टी लावून मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.