बाबांसाठी, वर्गातून

इटलीत वडिलांचा दिवस १९ मार्चला, म्हणजे संत जोसेफ यांच्या सणाच्या दिवशी साजरा होतो. येशूचा सांभाळ करणारे जोसेफ पेशाने सुतार होते. पूर्वी त्या दिवशी तिथे सार्वजनिक सुट्टी असे. १९७७ साली ती रद्द झाली. आता हा दिवस ऐन शाळेच्या दिवसांत येतो आणि बालवाड्या, प्राथमिक शाळांत त्याची तयारी चालते. मुलं कागदाच्या घड्या घालून सदरा करतात, त्यावर रंगीत टाय चिकटवतात आणि आत चार ओळी लिहितात. अक्षरओळख नसलेली लहानगी हाताचे रंगीत ठसे उमटवतात. काही वर्गांत कविता पाठ करून घेतात, ती घरी बाबांना म्हणून दाखवायची असते.

कात्री धरणं, घडी जुळवणं, मनातलं शब्दांत मांडणं, हे सगळं शिक्षण यात आपोआप घडतं.

आपल्याकडे जूनचा तिसरा रविवार पितृदिन म्हणून पाळतात. बहुतेक शाळा तेव्हा नुकत्याच उघडलेल्या असतात. शिक्षकांनो, त्या आठवड्यात फळ्यावरचा तयार मजकूर मुलांना उतरवायला देऊ नका. त्यांना विचारा : बाबांनी तुला काय शिकवलं? ते कशाने खळखळून हसतात? ज्यांचे वडील जवळ नाहीत, त्यांना आजोबांसाठी, मामासाठी किंवा आईसाठी लिहू द्या. शुद्धलेखन नंतर सुधारता येईल. आधी मुलाला त्याचं स्वतःचं वाक्य लिहू द्या.