कोलेस्टेरॉल आणि त्याचे वाहक

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे रक्तातून ते लायपोप्रोटीन नावाच्या, चरबी आणि प्रथिने मिळून बनलेल्या सूक्ष्म कणांमधूनच वाहून नेले जाते. अमेरिकेत बर्कली येथे जॉन गॉफमन यांनी १९५० च्या सुमारास अतिवेगाने फिरणाऱ्या यंत्रात हे कण घनतेनुसार वेगळे केले आणि हृदयविकाराशी त्यांचा संबंध दाखवला.

यांतला सर्वांत घातक कण एलडीएल. तो धमनीच्या अस्तराखाली शिरून अडकतो, पांढऱ्या पेशी त्याला गिळून फुगतात आणि वर्षानुवर्षे थर साचत जातो. हा थर फुटला की त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि हृदयविकाराचा झटका येतो. रक्तातले एलडीएल उचलणारे ग्राही मुख्यतः यकृतात असतात. या ग्राहींच्या शोधासाठी ब्राऊन आणि गोल्डस्टाइन यांना १९८५ चे नोबेल मिळाले. आई आणि वडील दोघांकडूनही ग्राहींचे सदोष जनुक आलेल्या मुलांना कोवळ्या वयातच हृदयविकार जडतो. एलडीएल हे नुसते लक्षण नसून कारण आहे, याचा याहून बोलका पुरावा नाही.

एचडीएल या दुसऱ्या कणाची गोष्ट वेगळी. ते कमी असेल तर धोका जास्त, हे खरे. पण औषधाने ते वाढवून झटके टाळण्याचे मोठे प्रयोग फसले.

आता एक रिपोर्ट पाहू. एकूण कोलेस्टेरॉल १९०, एचडीएल ३२, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१०. एकूण आकडा दोनशेच्या आत आहे म्हणून घरचे निश्चिंत होतात, आणि इथेच चूक होते. बऱ्याच प्रयोगशाळा एलडीएल थेट मोजत नाहीत. एकूण आकड्यातून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करतात. उत्तर येते ११६, फारसे भीतीदायक नाही. पण एकूणमधून फक्त एचडीएल वजा केले तर उरतात १५८. धमनीत साचू शकणाऱ्या सगळ्या कणांमधले कोलेस्टेरॉल ते हे, आणि ते जास्तच आहे. कमी एचडीएल आणि चढे ट्रायग्लिसराइड ही जोडी भारतीयांत वारंवार आढळते, म्हणून ही वजाबाकी प्रत्येकाने करून पाहावी. ट्रायग्लिसराइड चारशेच्या वर असेल तर मात्र एलडीएलचे ते गणित चालत नाही.

नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये न दिसणारा आणखी एक कण आहे, लायपोप्रोटीन-ए. त्याचे प्रमाण बहुतांशी आनुवंशिक असते. पथ्य आणि व्यायामाने ते फारसे हलत नाही. वडिलांना किंवा भावाला ऐन उमेदीत झटका आला असेल तर ही तपासणी जरूर करावी. सहसा ती आयुष्यात एकदाच पुरते. आकडा डेसिलिटरमागे पन्नास मिलिग्रॅमच्या वर निघाला तर डॉक्टर एलडीएल अधिक काटेकोरपणे खाली आणतात.