परवाना हवा की नको?

उद्योग सुरू करू पाहणाऱ्या माणसापुढील पहिली अडचण भांडवलाची असते, असे सामान्यतः समजले जाते. परंतु पुष्कळांना त्याआधीच एक प्रश्न अडवतो: या कामाला सरकारी परवाना लागतो काय? उत्तर ठाऊक नसल्यामुळे काहीजण उद्योग सुरूच करीत नाहीत. काहीजण डोळे मिटून सुरू करतात आणि पहिली नोटीस येताच घाबरून बंद करतात. दोन्ही परींनी नुकसान त्यांचेच होते.

श्रोत्यांनी एक उदाहरण डोळ्यांसमोर आणावे. इंदूरमध्ये राहणाऱ्या एका मराठी गृहिणीच्या पतीची नोकरी सुटली आहे. साठवलेल्या थोड्या पैशांतून लोणची व पापड करून विकण्याचे तिच्या मनात आहे. शेजारीण सांगते, “अहो वहिनी, घरातल्या घरात करायचं, त्याला कसला परवाना?” एक दलाल सांगतो, “ताई, आठ-दहा परवाने लागतील. पैसे द्या आणि सगळं माझ्यावर सोपवा.” हे दोघेही चुकत आहेत.

भारतीय संविधानाच्या १९व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला कोणताही व्यवसाय वा व्यापार करण्याचा हक्क दिला आहे. त्याच अनुच्छेदाने लोकहितासाठी या हक्कावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभा राज्यसंस्थेला दिली आहे. म्हणजे व्यवसाय करणे हा नियम आणि परवाना हा त्यावरील निर्बंध होय. म्हणून “परवानगी कोण देईल?” असे विचारण्याऐवजी “निर्बंध कोणत्या कायद्याने घातला आहे?” असे विचारणे अधिक योग्य. त्याचे उत्तर शोधताना तीन गोष्टी पाहाव्यात: काय विकायचे, कोठे विकायचे आणि किती विकायचे.

पहिली गोष्ट वस्तूची. लोणचे हे खाद्य आहे. त्यामुळे २००६ सालचा अन्न सुरक्षा व मानके अधिनियम लागू होतो, मग ते कारखान्यात होवो वा स्वयंपाकघरात. मात्र या अधिनियमाने लहान उत्पादक, किरकोळ विक्रेते व फेरीवाले यांना परवान्यातून वगळले असून त्यांना केवळ नोंदणी करावयास सांगितले आहे. २०११ सालच्या विनियमांत यासाठी वार्षिक १२ लाख रुपयांच्या उलाढालीची मर्यादा आणि वर्षाला १०० रुपये नोंदणीशुल्क ठरविण्यात आले होते. बाटलीत भरून विकायचे तर वेष्टनावर नाव, पत्ता, निव्वळ वजन व किंमत छापण्याचे नियमही पाळावे लागतात.

दुसरी गोष्ट स्थळाची. दुकाने व आस्थापना यांविषयीचे कायदे राज्याराज्यांत भिन्न आहेत आणि नगरपालिकांचे नियमही सारखे नाहीत. एका शहरातील अनुभव दुसऱ्या शहरात प्रमाण मानता येत नाही. रस्त्यावर विक्री करावयाची असेल, तर २०१४ सालच्या पथविक्रेता अधिनियमाप्रमाणे विक्रीचे प्रमाणपत्र घ्यावे लागते.

तिसरी गोष्ट प्रमाणाची. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. १ एप्रिल २०१९ पासून मध्य प्रदेशासह बहुतेक राज्यांत केवळ मालाची विक्री करणाऱ्यांसाठी नोंदणीची मर्यादा वार्षिक ४० लाख रुपये झाली. तेव्हा या गृहिणीला इंदुरात विक्री करताना चिंता नाही. पण पुण्याच्या नात्यातल्या लोकांनी लोणच्याची मागणी केली, तर राज्याची सीमा ओलांडली जाते; आणि करपात्र माल परराज्यात विकणाऱ्याला उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी करावी लागते. पापड करमुक्त आहेत. केवळ पापडच विकले, तर ही नोंदणी लागत नाही. एकाच घरातून निघालेल्या दोन पिशव्यांना दोन निराळे नियम लागू होतात ते असे.

येथे शब्दांचा घोटाळाही टाळला पाहिजे. परवाना मिळाल्यावाचून काम सुरू करता येत नाही. नोंदणी म्हणजे अधिकाऱ्याच्या दप्तरी रीतसर नाव दाखल होणे. काही ठिकाणी नुसती सूचना देणे पुरते. २०२० सालापासून चालू असलेली ‘उद्यम’ नोंदणी विनामूल्य आहे व सवलतींसाठी उपयोगी आहे. परंतु ती अन्नविषयक नोंदणीची जागा घेत नाही. असे एक प्रमाणपत्र भिंतीवर लावून निश्चिंत होणारे पुष्कळ आढळतात.

कायद्यांतील मर्यादा वेळोवेळी बदलतात. म्हणून गेल्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नये. संबंधित कार्यालयात लेखी विचारणा करावी आणि मिळालेले उत्तर जपून ठेवावे. दलालाकडे जायचेच झाले, तर कोणत्या कायद्याखाली कोणता अर्ज करावयाचा आहे, हे त्याच्याकडून आधी लिहून घ्यावे.

इतके केल्यावर त्या गृहिणीच्या हाती आठ-दहा परवान्यांचे भय उरत नाही. उरते ती तीन-चार कामांची एक यादी. त्यानंतर तिने चिंता करावी ती कैऱ्यांच्या भावाची.